मेंढीचा डोस, माणसाचे डोळे

एंडोमेट्रिओसिसवर उपचार घेणाऱ्या अकरा बायकांना लिथुआनियात १९९३ साली दिसेनासं झालं. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात आणि पाळीच्या दिवसांत जीव नकोसा करतात, असा हा आजार. डोळ्यांशी त्याचा काही संबंध नाही. दोष निघाला गोळ्यांचा. त्या परदेशातून मदत म्हणून आल्या होत्या आणि सोबत माहितीपत्रक नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी गोळीचं नाव वाचलं, हाताशी असलेल्या दुसऱ्या औषधांच्या माहितीपत्रकांशी ते ताडून पाहिलं, जुळतंय असं वाटलं आणि गोळी सुरू केली. गोळीत होतं क्लोझँटेल, म्हणजे मेंढ्या-गुरांचे जंत मारायचं औषध. त्या बायकांची दृष्टी पुढे परत आली, अशी नोंद आहे. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये ही हकीकत छापून आली. त्यानंतर क्लोझँटेल पोटात गेलेल्या इतर काही रुग्णांच्या नोंदी झाल्या, इराणमधल्या नेत्रतज्ज्ञांनीही २०१६ साली तसा एक रुग्ण मांडला. या सगळ्या नोंदी वाचल्या तर दृष्टी परत येतेच असं नाही, एवढं स्पष्ट होतं.

‘जनावराचं औषध कडक असतं, माणसाला सोसत नाही,’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. लिथुआनियाची गोष्ट सांगितली की ऐकणारा याच वाक्यावर मान डोलावतो आणि विषय संपतो. मला हे स्पष्टीकरण पटत नाही, कारण जंतांच्या औषधांत माणूस आणि जनावर यांच्यामधली भिंत फार पातळ आहे. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत पोरांना जी गोळी चघळायला देतात ती अल्बेंडाझोलची, आणि गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वासराला पाजतात तेही अल्बेंडाझोलच. लिव्हर फ्ल्यूक या पानासारख्या चपट्या जंतावर माणसाला ट्रायक्लाबेंडाझोल देतात. ते आधी जनावरांसाठी निघालं आणि अमेरिकेत माणसासाठी त्याला परवानगी मिळाली ती २०१९ मध्ये.

सगळ्यात बोलका दाखला आयव्हरमेक्टिनचा. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी मातीतून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूपासून त्याची सुरुवात झाली, आणि अमेरिकेतल्या मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं औषध केलं. १९८१ मध्ये ते बाजारात आलं ते जनावरांसाठी. नंतर लक्षात आलं की आफ्रिकेतल्या नदीकाठच्या गावांत माणसांना आंधळं करणाऱ्या ऑन्कोसर्का या कृमीच्या पिल्लांनाही ते मारतं. काळ्या माश्यांच्या चाव्यातून हा कृमी अंगात शिरतो आणि त्याची पिल्लं डोळ्यांपर्यंत पोचतात. १९८७ पासून मर्कने या रोगासाठी हे औषध फुकट द्यायला सुरुवात केली. ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ सालचं नोबेल मिळालं. आपल्याकडे नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगाच्या सामुदायिक मोहिमेत इतर दोन औषधांच्या जोडीने हेच आयव्हरमेक्टिन लोकांना दिलं गेलं. म्हणजे जनावरांच्या एका जंतनाशकाने लाखोंची दृष्टी वाचवली आणि दुसऱ्याने अकरा जणींना अंधारात लोटलं. तेव्हा औषध गोठ्यातलं की दवाखान्यातलं, या प्रश्नातून फारसं काही हाती लागत नाही. औषध जंताला मारतं कसं, हे विचारावं लागतं.

आयव्हरमेक्टिन जंताच्या चेतातंतूंवरच्या एका विशिष्ट दारावर बसतं. ग्लुटामेटने उघडणारं क्लोराइडचं हे दार आपल्या शरीरात नाहीच. त्याच्याशी मिळतीजुळती दारं आपल्या मेंदूत आहेत, पण नेमून दिलेल्या मात्रेत औषध मेंदूपर्यंत पोचू नये अशी राखण रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आहे. (कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत ही राखण जन्मतःच मोडकी असते. त्यांना आयव्हरमेक्टिन जास्त झालं तर ते लडखडतात, बेशुद्ध पडतात, कधी आंधळेही होतात. कोविडच्या काळात अमेरिकेत घोड्यांसाठीची आयव्हरमेक्टिनची पेस्ट खाणाऱ्यांना तिथल्या औषध प्रशासनाने जाहीर दम भरला तो उगाच नव्हे. मात्रा बेसुमार झाली की ही राखण माणसातही अपुरी पडते.) अल्बेंडाझोल जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला धरतं, आपल्या ट्युब्युलिनला मात्र ते फारसं चिकटत नाही. दोन्ही ठिकाणी जंत आणि यजमान यांच्यात काहीतरी फरक आहे आणि औषध त्या फरकाच्या आधारावर उभं आहे.

क्लोझँटेलला असा आधार नाही. ते घाव घालतं मायटोकॉन्ड्रियावर, आणि मायटोकॉन्ड्रिया जंतात आहेत, मेंढीत आहेत, लिथुआनियातल्या बायकांतही होते.

पेशीतल्या या सूक्ष्म कोठड्यांत अन्नातली ऊर्जा वापरून आतल्या पापुद्र्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठवले जातात. ते परत फिरतात तेव्हा त्यांना एका फिरत्या यंत्रातून जावं लागतं आणि त्यातून एटीपी तयार होतं. एटीपी म्हणजे पेशीचा रोजचा खर्च भागवणारं चलन. धरणातलं पाणी जनित्रातून सोडून वीज काढावी, तसाच हा प्रकार. क्लोझँटेलसारखी रसायनं प्रोटॉनला पाठीवर घेऊन पापुद्र्यातून आरपार नेतात. धरणाला जागोजाग भोकं पडतात, पाणी वाहून जातं, जनित्र मात्र थांबतं. पेशी अन्न जाळतच राहते, पण हाती येते ती नुसती उष्णता. जंत उपाशी मरतो, तोही पोट भरलेलं असताना.

या गुणाच्या रसायनांनी माणसाला पूर्वीही चांगलाच हात दाखवला आहे. डायनायट्रोफिनॉल हे त्यांतलं सगळ्यात बदनाम नाव. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या दारूगोळा कारखान्यांत ते हाताळणारे कामगार वाळत गेले, घामाघूम होऊन तापाने दगावले. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी तेच वजन उतरवायचं औषध म्हणून पुढे आणलं. वजन उतरायचं, यात खोटं काही नव्हतं. दुकानांतून ते सर्रास विकलं गेलं आणि दोनच वर्षांत तरुण बायकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसायला लागले. साठी-सत्तरीत यायचा तो मोतीबिंदू ऐन उमेदीच्या वयात, तोही दोन्ही डोळ्यांत. १९३८ चा नवा औषध कायदा झाल्यावर हा धंदा बंद पाडता आला. तिथे बिघडलं होतं भिंग, क्लोझँटेलमध्ये बिघडतं ते दृष्टिपटल आणि डोळ्याची नस. भिंग काढून दुसरं बसवता येतं, नसेचं तसं नाही.

मग क्लोझँटेल मेंढीला कसं चालतं? त्यासाठी मेंढीचे जंत जवळून बघायला हवेत. हिमॉंकस नावाचा एक गोलकृमी मेंढीच्या चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात, अस्तराला चिकटून राहतो. मादीच्या अंगात रक्ताने लाल झालेल्या आतड्याभोवती पांढऱ्या अंडाशयाचे वेढे दिसतात. एक कृमी दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. आकडा किरकोळ वाटतो, पण पोटात असे पाच हजार असले तर रोज पाव लिटर रक्त जातं. मेंढीच्या पापणीचा आतला भाग पांढराफटक पडतो, जबड्याखाली पाणी उतरून पिशवीसारखी सूज येते, आणि चरायला गेलेलं जनावर कळपाच्या मागे राहायला लागतं. लिव्हर फ्ल्यूक यकृतातल्या पित्तनळ्यांत मुक्काम करतो, त्याचाही रतीब रक्ताचाच. नाकात राहणाऱ्या अळ्याही याच औषधाने मरतात.

क्लोझँटेल रक्तात गेलं की त्याचे ९९ टक्क्यांहून जास्त रेणू अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला घट्ट बांधले जातात. बांधलेलं औषध पेशींत शिरत नाही, म्हणून मेंढी सुखरूप राहते. जंत मात्र रक्तच पितो. अल्ब्युमिनसकट औषध त्याच्या पोटात उतरतं, तिथे प्रथिन पचतं आणि विष मोकळं होतं. रचना हुशारीची आहे यात शंका नाही. बेल्जियमच्या यान्सेन कंपनीत हे औषध निघालं आणि जगभरच्या मेंढपाळांना त्याचा मोठा आधार झाला, आपल्याकडच्या धनगरांनाही. पण मेंढी सुरक्षित आहे ती औषध तिला लागू पडत नाही म्हणून नव्हे, ते बांधून ठेवलं आहे म्हणून. मात्रा वाढली, किंवा आजारी-कुपोषित जनावराच्या रक्तात अल्ब्युमिनच कमी असलं, तर मोकळ्या रेणूंचं प्रमाण वाढतं. तोंडावाटे मात्रा आहे किलोला १० मिलिग्रॅम. तिच्या तीन-चार पट गेली की मेंढ्या-शेळ्या आंधळ्या झाल्याच्या नोंदी आहेत. शेळ्या त्यातही जास्त नाजूक.

हे बांधलेपण आणखी एका अर्थाने महागात पडतं. बांधलेलं औषध लवकर बाहेर पडत नाही. मेंढीच्या रक्तातलं क्लोझँटेल निम्म्यावर यायला सुमारे दोन आठवडे लागतात. एका डोसाचा परिणाम टिकतो, म्हणून मेंढपाळाला ही सोयच वाटते. पण हीच गोळी कुणी रोज एक अशी घेत राहिलं तर? मेंढीच्याच वेगाने हिशेब केला, तर दहा दिवसांनी अंगात जवळजवळ आठ गोळ्या जमलेल्या असतील. ५० किलोच्या बाईसाठी ५०० मिलिग्रॅम म्हणजे मेंढीच्या मापाने एक पुरा डोस. वर्षातून एक-दोनदा द्यायचा डोस रोज पोटात जायला लागला, तर अल्ब्युमिन तरी किती बांधून ठेवणार!

याच क्लोझँटेलचा एक सख्खा भाऊ माणसाच्या औषधांत आहे. निक्लोसामाइड त्याचं नाव. रासायनिक घराणं तेच, सॅलिसिलॅनिलाइडचं, आणि मारण्याची रीतही तीच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पट्टकृमीवर ते माणसाला देतात. मोठ्या माणसाला एकदम दोन ग्रॅम, म्हणजे वर धरलेल्या क्लोझँटेलच्या मापाच्या चौपट. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. डोळे जात नाहीत, कारण निक्लोसामाइड आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही. पट्टकृमी आतड्यात असतो, औषध आतड्यात राहतं, दोघांची गाठ तिथेच पडते आणि बाकी शरीराला त्याचा पत्ता लागत नाही. क्लोझँटेल घडवलं गेलं ते रक्तात शिरून तिथे राहावं म्हणूनच, कारण त्याला गाठायचा जंत रक्तावर जगतो. एकाच घराण्यातल्या दोघांपैकी एक गोळी माणसाची आणि दुसरी मेंढीची, हे ठरलं ते शोषणाच्या या एका गोष्टीवर.

सगळं अंग सोडून डोळेच का, याचं उत्तर दोन ठिकाणी आहे. पहिलं दृष्टिपटलात. प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा ऊर्जेचा खर्च अफाट असतो. वजनाच्या मानाने दृष्टिपटलाइतका ऑक्सिजन खाणारे अवयव शरीरात फार थोडे. गंमत अशी की या पेशींचा खर्च उजेडात नव्हे तर अंधारात सगळ्यात जास्त असतो, कारण अंधारात त्यांच्यातून सोडियमचे आयन सतत आत येत राहतात आणि ते बाहेर फेकायचे पंप अखंड चालू ठेवावे लागतात. म्हणून या पेशींच्या एका भागात मायटोकॉन्ड्रिया अक्षरशः खच्चून भरलेले असतात. ऊर्जेचा पुरवठा तुटला की पहिली झळ त्यांना.

दुसरं ठिकाण नसेतलं. जास्त मात्रेने मेलेल्या मेंढ्यांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर मेंदूचा पांढरा भाग स्पंजासारखा पोकळ-पोकळ दिसला. चेतातंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, त्याच्या थरांत पाणी शिरून थर सुटे झाले होते. मेंदूत अशी सूज थोडीफार सोसली जाते. पण डोळ्याची नस कवटीतून जाताना हाडाच्या एका अरुंद बोगद्यातून जाते. तिथे फुगायला जागाच नसते. फुगलेली नस हाडावर दाबली जाते, रक्तपुरवठा आवळला जातो आणि तेवढा भाग मरतो. सूज वेळेवर उतरली तर दृष्टी परत येते, नस मेली तर येत नाही. काहींना पुन्हा दिसायला लागतं आणि काहींना नाही, त्यामागे हे एक कारण असणार. दृष्टिपटलातल्या पेशी मेल्या असतील तर त्या परत उगवत नाहीतच. अशा मेंढ्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या ताठ विस्फारलेल्या असतात, उजेड टाकला तरी आकसत नाहीत, आणि जनावर कुंपणाला, गव्हाणीला धडकत फिरतं.

कळपात हे घडतं कसं, तेही साधंच आहे. मेंढपाळ मेंढीला दोन पायांत दाबून धरतो, जबड्याच्या कोपऱ्यातून बोट घालून तोंड उघडतो आणि औषध जिभेच्या मुळाशी सोडतो. एका माणसाला तासाभरात पन्नास-साठ जनावरं उरकायची असतात. प्रत्येकीचं वजन कोण करणार? जंतांना औषधाची सवय होऊ नये म्हणून, कमी मात्रा जाण्यापेक्षा सगळ्यात वजनदार मेंढीच्या मापाने सगळ्यांना पाजा, असा सल्ला एरवी दिला जातो. अल्बेंडाझोलला तो चालून जातो. क्लोझँटेलच्या बाबतीत मात्र कळपातलं १५ किलोचं कोकरू ४५ किलोच्या एडक्याचा डोस घेऊन मोकळं होतं. वजनाप्रमाणे गट करून पाजणं हाच इथला इलाज.

लिथुआनियातल्या चुकीची मुळं मात्र गोठ्यात नव्हती, ती गोदामात होती. १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून बाहेर पडलेल्या या देशाची औषधांची जुनी पुरवठा साखळी तुटली होती आणि पश्चिमेकडून मदतीचे खोके येत होते. असे खोके त्या काळात अनेक ठिकाणी गेले. १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर पाच हजार टन औषधं आणि वैद्यकीय सामान आलं. काय काय आलं आहे हे समजायलाच पन्नास माणसांना सहा महिने लागले. आठ टक्के औषधांची मुदत पोचायच्या आधीच संपली होती, चार टक्के थंडीने गोठून वाया गेली, आणि उरलेल्यांपैकी झटकन ओळखता येतील अशी जेमतेम तीस टक्के. बहुतेकांवर फक्त कंपनीने ठेवलेलं व्यापारी नाव होतं. एरिट्रियाला मुदत संपलेल्या अ‍ॅस्पिरिनचे सात ट्रक मिळाले, ते जाळायला सहा महिने गेले. बोस्नियात १९९२ ते १९९६ या काळात आलेल्या औषधांपैकी निम्म्याहून जास्त, अंदाजे १७,००० टन, निरुपयोगी ठरली. यात भलेपणा होता हे खरं, पण आपल्या देशात नष्ट करायला पैसे पडतील असा माल दान म्हणून दुसऱ्याच्या दारात टाकण्याची सोयही होती, आणि ती सोय बऱ्याच जणांनी बघितली.

१९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांच्या साथीने औषधदानाचे नियम छापले. दिलेल्या औषधावर त्याचं सर्वमान्य मूळ नाव हवं, घेणाऱ्या देशातल्या डॉक्टरांना कळणाऱ्या भाषेत मजकूर हवा, मुदत संपायला किमान एक वर्ष बाकी हवं, आणि मागितल्याशिवाय पाठवू नये. या नियमांच्या स्पष्टीकरणात लिथुआनियाच्या अकरा बायकांचा दाखला दिलेला आहे.

आपल्याकडे १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे जनावरांच्या प्रत्येक औषधावर ‘माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना आणि पाळीव जनावराच्या डोक्याचं चित्र असावंच लागतं. हे चित्र मला त्या नियमातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. वाचता न येणाऱ्यालाही बैलाचं तोंड कळतं. पण चित्र असतं ते मूळ बाटलीवर. पाच लिटरच्या कॅनमधलं औषध शेजाऱ्याला देताना ते कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतलं जातं, गोळ्यांची पट्टी कापून अर्धी दिली जाते, आणि जनावराचं डोकं कॅनवरच राहतं. घरात मुलं असतील तर ही बाटली खोकल्याच्या औषधाशेजारी फडताळात जाऊ नये, एवढी तरी काळजी घ्यायला हवी. क्लोझँटेलवर उतारा नाही. स्टिरॉइड देऊन सूज उतरवायचा प्रयत्न होतो, रक्तातला द्रव बदलून औषध काढायचाही झाला आहे, कारण ते अल्ब्युमिनला बांधलेलं असतं आणि अल्ब्युमिन त्या द्रवातच असतं. पण खात्री कशाचीच नाही, आणि डोळ्यांवर परिणाम दिसायला काही दिवस जाऊ शकतात. म्हणून चुकून पोटात गेलं असेल तर दिसतंय ना नीट, असं म्हणत घरी थांबू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि जाताना कॅन किंवा कापलेली पट्टी बरोबर न्यावी, म्हणजे समोरच्या डॉक्टरला नावावरून अंदाज बांधत बसावं लागणार नाही.